आभाळाच्या खरखरीतलं नाव

देवळालीच्या घरी बारशाला बायका जमल्या होत्या, पाळणा सजला होता, पेढेही आले होते. फक्त नाव अजून वाटेत होतं. बाळाचा बाप, मेजर हृषीकेश, सरहद्दीवरच्या बर्फातून ते उपग्रहामार्फत पाठवत होता. सकाळपासून ‘मि’ एवढंच पोचलं होतं.

“चारू, हे यंत्र तूच बनवलंस ना?” कुसुममावशींनी विचारलं. “माझ्या लग्नातली तार यापेक्षा लवकर आली होती.”

त्या तारेवर शत्रू कान लावून बसला नव्हता, हे चारुलताआत्या बोलली नाही. तिने धाकट्या भावाचा संदेश असंख्य लहरींवर इतका पातळ पसरवला होता, की चोरून ऐकणाऱ्याला तो आभाळाची नेहमीची खरखरच वाटे. किंमत एवढीच, की एका अक्षराला अर्धा दिवस लागे.

“मग जोर वाढव की जरा! नावापुरता.”

“वाढवते. नाव क्षणात येईल, मावशी. आणि हृषीच्या चौकीवर क्षेपणास्त्रही.”

मावशींनी गुपचूप पेढा तोंडात टाकला.

“ताई,” बाळाची आई केतकी त्याला थोपटत म्हणाली, “मी रडून सांगितलं तरी वाढवू नका हं.”

“तू सांगितलंस तरी वाढवणार नव्हते.”

चारूने बाळाच्या कानाशी वाकून ‘कुर्रर्र’ केलं, ‘मि’ म्हटलं आणि बायकांकडे वळली.

“पाळणा म्हणा. सावकाश म्हणा. नाव अजून येतंय, म्हणजे बाप अजून आहे.”