झाऱ्याचा डाग

माझ्या फरसाणाच्या कारखान्यातला गेणूतात्या शेव झकास तळतो, पण स्वभाव विंचवाचा. घाणा करपला की शिकाऊच्या दंडाला तापलेला झारा लावायचा. वर म्हणायचा, "डाग बसल्याशिवाय हात तयार होत नाही. आमच्या उस्तादानं असंच शिकवलं."

आज त्यानं परवाच कामाला लागलेल्या ऋतुजाला डागलं. पोरगी रडली नाही. तिनं झारा हिसकावला, कढत तेलात बुडवला आणि म्हाताऱ्याच्या गालाजवळ धरला.

"आक्का, या भवानीला हाकला, नाहीतर मी चाललो!"

मी तिच्या हातातून झारा घेतला. तात्यानं सुटकेचा निःश्वास सोडला. मग मी तो त्याच्याच दंडावर टेकवला. चर्र झालं.

"बसला ताजा डाग. आता शिकाऊ तू. उद्यापासून कढईपुढं ही उभी राहील, आणि तू हिच्या हाताखाली पीठ मळशील."