श्वास रोखा

जुन्या लाकडी मूर्ती दुरुस्त करणाऱ्या जयमालाताई मेहकरच्या आमच्या एक्स-रे सेंटरवर आल्या, त्या शालीत एक सागवानी म्हातारी गुंडाळून. मांडी घालून बसलेली, अमडापूरची. कीड आत कुठवर गेली ते त्यांना मूर्ती न फोडता बघायचं होतं.

पहिला फोटो पुसट आला. पेशंट हलला की येतो, तसा.

दुसराही तसाच.

"काऊन असं होऊन राह्यलं, प्रसेनजितभाऊ?"

"मशीन तर बरोबर हाय, ताई. आताच एकाच्या हाताचा फोटो साफ निघाला."

तिसऱ्यांदा बटण दाबताना सवयीनं तोंडून निघून गेलं, "आजी, श्वास घ्या. रोखून धरा."

फोटो लख्ख आला. किडीची एकेक वाट दिसत होती, पण गाभा शाबूत होता. ताईंचा जीव भांड्यात पडला. म्हातारीला पुन्हा शालीत गुंडाळून त्यांनी अमडापूरची गाडी पकडली.

मी पुढच्या पेशंटला उभं केलं. छातीचा फोटो होता.

"श्वास घ्या. रोखून धरा." बटण दाबलं. "हां, सोडा आता."

माझाच शब्द कानावर पडला आणि मी दाराकडे बघितलं.

आजीला मी 'सोडा' म्हटलंच नव्हतं.