दर्शन

“मुंबई दर्शनाची बस हीच ना?” असं विचारून माझ्या सासूबाई चढल्या, आणि बसल्या बसल्या त्यांनी चपला काढून सीटखाली सारल्या. मग गाइड दाखवेल त्या प्रत्येक इमारतीला हात जोडायला लागल्या. मागचे लोक हसत होते.

“आई, चपला घाला बरं. हे काही देऊळगावच्या बालाजीचं देऊळ नाही.”

“राहू दे वं. तो गाइड सोताच दर्शन म्हनून राह्यला ना!”

माझ्या मांडीवरची माझी लेक इरा समुद्रावरच्या दिव्यांना टाटा करत होती.

पुढच्या वळणावर मोठं हॉस्पिटल आलं. गाइड त्याबद्दल काहीच बोलला नाही. उद्या सकाळी तिथंच इराच्या हृदयाचं ऑपरेशन होतं.



मी हळूच चपला काढल्या.