नववे तिकीट

मार्गशीर्षातील रविवार, सायंकाळचे सात. अकोल्याच्या जुन्या शहरातील नाट्यगृह. अमरावतीकर केदारच्या नाट्यसंस्थेचा नियम होता: नटांपेक्षा प्रेक्षक कमी भरले, तर तिसरी घंटा द्यायची नाही. हा तिसराही प्रयोग रद्द झाला, तर संस्थाच मोडायची, असेही ठरले होते. आज नट नऊ, प्रेक्षक आठ. केदारने घंटेवरचा हात काढला. तेवढ्यात तिकीटखिडकी बंद करून पुंजाजी आले. "काहून थांबले, साहेब?" "एक प्रेक्षक कमी आहे. तुम्ही बसता का?" "बावीस वर्सं तिकिटं फाडली, पन आत बस असं कोनी म्हनलंच नाही ना बाप्पा!" स्वतःसाठी एक तिकीट फाडून पुंजाजी पहिल्या रांगेत बसले. घंटा झाली. पडदा पडताच केदारने भीतभीत अभिप्राय विचारला. तिकीट खिशात ठेवत पुंजाजी म्हणाले, "दुसरा अंक लांबला, पन पुढच्या रविवारी बायकोले आनतो."