बाहेरच्यांचा मेल

“बाहेरच्यांचे मेल बंद करा! जुगाराच्या जाहिराती वाचायला आम्ही सभासद झालो नाही,” खानविलकरांनी ईमेल-गटावर ठणकावलं.

गट चालवणाऱ्या नीलाक्षीचं डोकंच फिरलं. चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरबद्दल कुणालाही शंका विचारता यावी, म्हणून तिने तो खुला ठेवला होता. बाहेरच्यांचे मेल आधी तिच्याकडे अडकत. रोज चहा गार होईस्तोवर ती त्यांतला कचरा निवडायची. आज एक निसटला, तर केवढा थयथयाट!

तिने जुने मेल उपसले. नऊ वर्षांपूर्वीचा एक सापडलाच. जाहिरातींच्या ढिगातून तेव्हा तिनेच तो वाचवला होता: “मी सभासद नाही. पण पुसलेलं चित्र परत आणता येईल का? कृपा करा.”

खाली नाव खानविलकरांचं.

स्वतःच्या एका शब्दाचीही भर न घालता नीलाक्षीने तो सगळ्या गटाला पाठवला.