पळालेला व्हॉल्व

आमच्या अप्पांचा व्हॉल्वचा रेडिओ चाळीस वर्षं मुका होता. दोन बटणं नव्हती, काट्याचा दोरा तुटला होता आणि आतला एक काचेचा व्हॉल्व चक्क गायब. अप्पांच्या पंच्याहत्तरीला तो वाजवायचाच, असं मी ठरवलं.

बटणं शाहूपुरीत एका भंगारवाल्याकडं सापडली. व्हॉल्वसाठी मात्र सहा महिने वणवण केली. शेवटी गडहिंग्लजच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं माळ्यावरनं काढून दिला. देताना म्हणाला, "पावणं, व्हॉल्व जळतोय, फुटतोय. पळून जात न्हाय. तुमचा गेला कुठं?"

पंच्याहत्तरीच्या दिवशी रेडिओ वाजला! धारवाडची कन्नड गाणी लागली आणि अप्पा जे कान लावून बसले, ते बसलेच. आईनं, आमच्या अव्वानं, जेवायला चारदा हाका मारल्या. ताटातली भाकरी गार होऊन कडक झाली, पण अप्पा जागचे हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओ पुन्हा गप्प. मागची फळी काढून बघतो, तर नव्या व्हॉल्वची जागा रिकामी!

मी कपाळाला हात लावला आणि गाडीची किल्ली उचलली. "अव्वा, गडहिंग्लजला जाऊन येतो गं परत."

अव्वा भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"कशाला हेलपाटा घालतोस? माझ्या ट्रंकेत शालूच्या घडीत बघ. तुझा बाप पैल्या हाकंला जेवायला येणार आसंल, तर त्यातला एक घे."

.

.

"दोन हायत."