पाच उजवीकडं, दोन वर

"काजल, एक्स अधिक वाय बरोबर सात. एक्स वजा वाय बरोबर तीन. आता बघ हं आलेख!"

मोहिनीनं अंगणात रांगोळीनं दोन अक्ष आखले. गिरधर ओट्यावर अर्धं तोंड फिरवून बसला होता, पण नजर अंगणातच. सून पदर ओढून शिकवतेय म्हटल्यावर सासऱ्यानं एवढी अदब पाळायचीच. थेट बोलणं या घरात नव्हतंच. चहा झाला तरी "काजल, आजोबांना सांग" असाच निरोप यायचा.

पण काय शिकवायची पोरगी! शहाद्याची बीएस्सी. ऐकताना गिरधरची छाती फुगायची. पाटलांच्या घरात बीजगणितानं कुणाची धडगत ठेवली नव्हती. गिरधर आपटला, पुढं मुलगा हेमकांत दोनदा आपटला. यंदाही दहावीचं गणित सुटलं नाही, तर ही खोट घराला कायमची चिकटणार होती.

दोन्ही रेषा आखून झाल्या. "सांग काजल, कुठं छेदतात?"

काजल रांगोळीवरून लंगडी घालत होती. गिरधरला राहवेना. केळी लावताना आडव्या-उभ्या दोऱ्या भेटतात तिथंच रोप, हे त्याला काय नवं! तो खाली उतरला आणि काजलला हाताला धरून नेमक्या ठिपक्यावर उभं केलं.

"सांग तिले. पाच उजवीकडं, दोन वर."

"बरोब्बर!" मोहिनी पदराआडून म्हणाली. "शाब्बास, काजल!"

गिरधर मिशीत हसला.

गल्लीतून जाणारा भिकन थबकला. "काय भाऊ, नातले कलेक्टर करनं शे का?"

"मंग काय! औंदा सोडानं नही!"

पेपरच्या दिवशी काजलच्या आजीनं, सरलाबाईनं, हातावर दही-साखर ठेवली आणि सगळं घर शहाद्याला परीक्षा केंद्रावर गेलं.

निकालाच्या दुपारी गिरधरला घास गिळवेना. आत मोहिनी मोबाइल घेऊन बसलेली. एकदम तिचा "अगं बाई!" ऐकू आला. गिरधरनं ताट बाजूला सारलं. नेहमीसारखी काजल निरोप घेऊन धावली.

"आजोबा, मम्मी सांगस..."

"थांब, काजल." मोहिनी उंबऱ्यात आली. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं पदर कपाळावर सरकवला आणि सरळ सासऱ्याकडं पाहिलं.

"हे मीच सांगणार. बापू, गणितात बासष्ट! पास झालात तुम्ही!"